पडदा ओला आहे

सांगलीच्या वखारभागात तोडकर डेकोरेटर्सचं गोदाम आहे. मांडवाचे बांबू, लग्नातल्या राजाराणीच्या खुर्च्या आणि प्लास्टिकच्या फुलांच्या गर्दीत तिथे एक जुना पडदा गुंडाळून ठेवलेला असतो, आणि त्या पडद्यावरच्या एका बाईला अख्खी सांगली घाबरते. अख्खी म्हणजे अगदी अख्खी नव्हे. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्यांनी त्या पडद्यापुढे नाच केला, ते मोठे होऊन डॉक्टर-वकील झाले तरी तिचा विषय निघाला की आवाज खाली करतात.

पडदा एका कधीच मोडलेल्या नाटक कंपनीचा. दोन्ही बाजूंना माड्या, मधून निमुळता होत गेलेला रस्ता, टोकाला देवळाचा कळस. असल्या रस्त्याच्या पडद्यावर माणूस काढत नसत. पुढे नट हातवारे करत हिंडणार आणि मागचं माणूस जागचं हलणार नाही, मग प्रेक्षक हसणार, म्हणून रस्ते ओस ठेवायची रीत होती. या पडद्यावर मात्र उजवीकडच्या माडीच्या खिडकीत एक बाई उभी आहे. रस्त्याकडे नाही, देवळाकडे नाही, थेट समोर बघते.

"पेंटरची बायकू हाय ती," आप्पा तोडकर सांगत होते. सत्तरीचा गडी, आणि ही गोष्ट सांगताना त्यांना मनापासून मजा येत होती. "मालकाचा डोळा हुता म्हनं तिच्यावर. तिनं कृष्णेत उडी घेतली. मग नवऱ्यानं तिला हितं काढली. मालकानं रंग फासून घालवली, तर चार दिसांनी पुन्हा वर आली. पुन्हा घालवली, पुन्हा आली. आता बोला."

नंदन दाभोळे यांचे डोळे चमकले. पुण्यातले हे श्राव्यनाट्याचे दिग्दर्शक. त्यांच्या 'कानांनी मागे चला' या मालिकेनं गेल्या दोन वर्षांत लोकांना वेड लावलं होतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या ऋजुताकडे पाहिलं. "ऋजुता, यंत्र लाव. ही बाई बोलणार."

ऋजुता कुंभोजकर त्यांची आवाज निवडणारी. जुन्या आवाजांच्या गुंत्यातून एकेक माणूस वेगळा काढायचं काम तिचं, आणि ते तिच्याइतकं कोणाला जमत नसे. तिचा स्वतःचा आवाज मात्र खर्जातला, घोगरा. फोनवर लोक तिला हमखास 'सर' म्हणत. बाविसाव्या वर्षी ती दाभोळ्यांकडे आवाजाची चाचणी द्यायला गेली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "गळा चांगला आहे गं, पण ऐकताना डोळ्यांसमोर बाई उभी राहत नाही. तुझे कान मात्र मला हवेत." ती घरी जाऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाली. पुढे तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा हेच दाभोळे रोज डबा घेऊन उशाशी येऊन बसले. त्यामुळे त्यांच्यावर चिडावं की त्यांना नमस्कार करावा, हे तिला इतकी वर्षं ठरवता आलेलं नव्हतं.

आता यंत्राविषयी. शोध लागला तो भलत्याच ठिकाणी, विमानांच्या रंगाला तडे का जातात हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. चौकटीवर ताणून बसवलेलं कापड डफाच्या कातड्यासारखं थरथरतं. समोर कोणी बोललं तरी थरथरतं, गायलं तर जास्त. त्यावर सरस, खडूची पूड आणि गेरू यांचा ओला लेप असेल, तर त्या थरथरीबरोबर लेपातले चपटे कणही कलतात आणि पुन्हा सरळ होतात. लेप ओला असेपर्यंत या कलण्याची काही खूण राहत नाही. पण लेप सगळीकडे एकदम वाळत नाही. वाळण्याची रेघ कडेकडून मध्याकडे हळूहळू सरकते, आणि ज्या क्षणी ती एखाद्या कणापाशी पोहोचते त्या क्षणी तो जसा कललेला असेल तसाच कायमचा अडकतो. म्हणजे कडेला आधीचा क्षण, आत आत नंतरचा. रंगवाचक यंत्र आपल्या किरणांनी एकेक कण तपासत त्या रेघेच्या मागून जातं, आणि कधीच मेलेली माणसं बोलू लागतात.

वरच्या थराखाली जुना थर असेल तर किरण तिथेही पोहोचतात. घड्या, उंदीर आणि गळकी छपरं यांनी मध्ये भोकं पाडलेली असतात, ती संगणक आपल्या अंदाजानं बुजवतो. श्रोता कानाला यंत्र लावून डोळे मिटून पडला की त्याला कळतही नाही कुठे खरी माणसं संपली आणि कुठे अंदाज सुरू झाला. सगळा घोळ इथेच आहे, पण धंदाही इथेच आहे.

खिडकीपाशी रंगाचे तीन थर निघाले. बाई खरोखरच दोनदा पुसली गेली होती आणि दोनदा परत आली होती. ते ऐकून आप्पा तोडकर दोन पावलं मागे सरकले.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात पहिले आवाज मोकळे झाले. संगणकानं त्यांना नावं दिली: स्त्री एक, पुरुष एक, पुरुष दोन. आणि स्त्री एक रडत होती. असं रडत होती की स्टुडिओतला चहावाला दारात थबकला. "नाथा, मला टाकून जाऊ नका, मी आता कोणाच्या तोंडाकडे पाहू?" मग हुंदका, मग लांबलचक श्वास.

दाभोळे खुर्चीतून उठलेच. "हीच ती. शेवटी नदीचा आवाज आणि एक किंकाळी टाकू. किंकाळी संगणक तिच्याच आवाजात करून देईल. दिवाळीत लावू."

ऋजुताचं लक्ष पुढच्या भागाकडे होतं. रडणं थांबल्यावर पुढे खरखर होती आणि संगणकानं ती कचरा म्हणून बाजूला टाकली होती. कचरा तपासल्याशिवाय फेकायचा नाही, ही तिची जुनी खोड. दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिनं ती खरखर हलक्या हातानं साफ केली.

"वहिनी, ह्या वाक्याला पदर दातांत धरू की सोडू?" स्त्री एक विचारत होती. "आणि गरम पाणी सांग की. सकाळी दाढी केली ती संध्याकाळपर्यंत टिकायची नाही."

ऋजुतानं ते पुन्हा ऐकलं, आणि तिला हसूच फुटलं. त्या काळी कंपनीत बायकांची कामं पुरुष करत हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण संगणकाला कोण सांगणार? तो शिकला आजच्या आवाजांवर. उंच म्हणजे बाई, खालचा म्हणजे बुवा. स्त्री एक हा कंपनीचा स्त्रीपार्टी होता, रिकाम्या थिएटरात संध्याकाळच्या खेळाची तालीम करत होता.

मग वहिनी कोण? वहिनीनं उत्तर दिलं होतं, पण ते पुरुष दोनच्या खात्यात पडलं होतं.

"पदर सोड, नानबा. आणि रडायचं तर पोटातून रड, माझ्या पडद्यावर थुंकी उडवू नकोस." खर्जातला, घोगरा आवाज. ऋजुताच्या अंगावर सरसरून काटा आला. असा आवाज तिनं आजवर एकाच बाईचा ऐकला होता, स्वतःचा.

पुढचे दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. तुटक्या तुकड्यांतून गोष्ट उभी राहत गेली. वहिनीचं नाव भागीरथी, चितारी दत्तोबाची बायको. रंग एकसारखा वाळावा, पोपडे धरू नयेत म्हणून कोणीतरी समोर बसून कडांवर पाण्याचे हबके मारत राहायचं. याला पडदा राखणं म्हणत, आणि ते काम भागीरथीचं. तिला रंगभूमीवर उभं राहायचं होतं. कंपनीत बाईला मज्जाव, आणि वर तिचा आवाज ऐकून मालक म्हणाले होते की या बाईला भीमाचं काम द्यावं लागेल. तेव्हा दत्तोबानं, म्हणजे पुरुष एकनं, तिला खिडकीत उभी केली. पहिल्या थरात त्याचा आवाज होता: "घे. आता रोज उभी राहा. पगार तेवढा मागू नकोस."

दुसऱ्या थरात दत्तोबा नव्हता. मालकानं त्याच्याच हातून बाई पुसून घेतली होती, आणि तो गप्प बसला होता. परत काढली ती भागीरथीनं, स्वतःच्या हातानं. नानबा घाबरून विचारत होता, वहिनी, मालक म्हणतील भूत आलं. त्यावर ती म्हणाली, "म्हणू देत. मी मेल्यावर नाही यायची. जिवंतपणीच येते, आणि पुसली की परत येते."

आणि तिसऱ्या थरात भागीरथीही नव्हती. फक्त नानबा होता, आणि त्याचा आवाज या वेळी बाईचा नव्हता.

"वहिनी, हात काही नीट आला नाही. नाक वाकडं झालं. पण उभी केली तुला. तू गेलीस ते बरं केलंस. इकडे उठवलंय की तू कृष्णेत उडी घेतलीस. मॅनेजर खूश आहे, भुताच्या पडद्याला गर्दी होते म्हणे. मी बोललो नाही कोणाला. बायका काम करतात अशा कंपनीत तू उभी राहिली आहेस, हे इथे कळलं तर तुला ओढून आणतील. म्हणू देत मेली म्हणून. मला मात्र रिकाम्या खिडकीपुढे रडायला जमत नाही."

ऋजुतानं कानांवरचं यंत्र काढून ठेवलं. तिला आनंद झाला होता. एका अनोळखी बाईनं नदीत उडी घेतली नाही, एवढ्यानं माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं.

तिनं सगळं दाभोळ्यांना ऐकवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "सुंदर आहे. पण आपलं नाटक भुताचं आहे."

"भूत नव्हतंच सर."

"प्रायोजकांना भूत विकलंय मी. जाहिरात गेली. लोकांना दचकायचं असतं गं, पळून जाऊन सुखी झालेल्या बाईसाठी कोण अंधारात पडून राहील?"

"मी राहीन. पुष्कळ राहतील."

दाभोळ्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बरं, एक मधला रस्ता काढू. तिची ती वाक्यं ठेवू, 'पुसली की परत येते' वगैरे. जबरदस्त आहेत, किंकाळीच्या आधी शोभतील. फक्त तिचा आवाज चार सूर वर घे. आत्ता तो पुरुषाचा वाटतो. ऐकताना डोळ्यांसमोर बाई उभी राहिली पाहिजे."

सोळा वर्षांपूर्वीचंच वाक्य, जवळजवळ तसंच. त्यांना ते आठवतही नव्हतं, याचा ऋजुताला जास्त राग आला. वडिलांच्या उशाशी बसलेले दाभोळेही तिला त्याच क्षणी आठवले.

"नाही घेणार सर. आवाज आहे तसा राहील, नाहीतर मी राहणार नाही."

"करारात काय आहे ते माहीत आहे ना? न वापरलेला एक शब्दही तुला बाहेर वाजवता येणार नाही. आणि चार सूर वर घ्यायला तूच लागतेस असंही नाही, संगणक घेईल."

"मग त्यालाच सांगा," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

दिवाळीत नाटक लागलं आणि गाजलं. नानबाच्या तालमीवर महाराष्ट्र हळहळला. भागीरथी चार सूर वरच्या गोड, कापऱ्या आवाजात बोलली आणि किंकाळी फोडून कृष्णेत बुडाली. ऋजुतानं ते एकदा, शेवटपर्यंत ऐकलं. आपलंच कोणीतरी बुडवलं जातंय आणि आपण काठावर उभ्या आहोत, असं तिला वाटलं.

त्यानंतर आप्पा तोडकरांचा फोन आला. "सर," ते म्हणाले, मग जीभ चावून, "बाई. तुमच्या त्या नाटकानं माझ्या पोटावर पाय आला बघा. आदी पोरं नुसती घाबरायची, मजा हुती. आता एक शाळा पडदा घ्यायला तयार न्हाई. मुख्याध्यापक म्हनत्यात, ती बाई असंल तर आमी न्हाई. मी घालवली तिला. खिडकी बंद क्येली."

"कशानं?"

"पांढऱ्या रंगानं. दुसरं कशानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता सांगलीत होती. आप्पांनी चहा मागवला आणि अपराध्यासारखे समोर बसले. तिनं त्यांना काही वाजवून दाखवलं नाही, करारात तसं होतं. पण करारात तिच्या तोंडाला कुलूप घातलेलं नव्हतं. तिनं भागीरथीचं बोलणं पाठ म्हणून दाखवलं, त्याच आवाजात. वेगळा आवाज काढायची तिला गरजच नव्हती. नानबाचंही सांगितलं, वाकड्या नाकासकट.

आप्पा ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकाला आले. "म्हंजी ती मेलीच न्हाई?"

"मेली असेल की कधीतरी, म्हातारी होऊन. पण नदीत नाही, आणि त्या मालकापायी नाही."

"आनि आमी तीन पिढ्या तिला भूत म्हनून..." त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "आता काय करायचं म्हंता?"

"परत काढायची."

"तुमाला येती व्हय चित्रं?"

"नाही. नानबाला तरी कुठे येत होती?"

आप्पा खो खो हसले. मग उठून त्यांनी कुठूनसा जुना सरस शोधून आणला. गोदामाच्या अंगणात बांबूंच्या चौकटीवर पडदा ताणला, विटांच्या चुलीवर सरस शिजवला. त्याचा वास असा सुटला की शेजारच्या दुकानदारानं खिडक्या लावून घेतल्या. खडूची पूड आणि गेरू कालवून ऋजुता शिडीवर चढली. एक डोळा जरा मोठा झाला. "बाई, चेहरा हसरा काढा की, शाळेत चालंल," आप्पा खालून म्हणाले. "जशी आहे तशीच येईल," ऋजुता म्हणाली, आणि भागीरथी पुन्हा थेट समोर बघू लागली.

मग ती खाली उतरली, पाण्याची बादली घेऊन पडद्यासमोर पाटावर बसली आणि पडदा राखू लागली. कडांवर हबके मारत ती मोठ्यानं बोलत होती, खर्जात, न चोरता. भागीरथी कोण होती, तिला कोणी पुसलं, कोणी परत आणलं, पुण्यातल्या स्टुडिओत तिच्या आवाजाचं काय केलं. कोण ऐकणार, कधी ऐकणार, याची तिला फिकीर नव्हती. एवढं नक्की होतं की या थरावर कोणाचा करार चालत नव्हता.

अर्धंअधिक बोलून झालं असेल तेव्हा फोन वाजला. दाभोळे सर. तिनं क्षणभर फोनकडे पाहिलं, मग तो स्पीकरवर टाकून पडद्याच्या अगदी जवळ स्टुलावर ठेवला.

"ऋजुता, परत ये," दाभोळ्यांचा आवाज थकलेला होता. "पुढची मालिका तुझ्याशिवाय होत नाही. रागावू नकोस. मी चाळीस वर्षं नटांत काढलीत गं. तो नानबा होता हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हुंदक्यावरूनच. आणि तिचा आवाज... तो जसा होता तसाच खरा होता. तुझाही. मला तेव्हा धीर झाला नाही, आताही झाला नाही. पण हे तुझ्यामाझ्यात ठेव."

"तुमच्यामाझ्यात नाही राहिलं सर. फोन स्पीकरवर आहे, मी सांगलीत आहे, आणि पडदा ओला आहे."

पडदा ओला आहे म्हणजे काय, हे दाभोळ्यांइतकं चांगलं फार थोड्यांना ठाऊक होतं. फोन मात्र बंद झाला नाही.

"किती वेळ ओला राहील?" दाभोळ्यांनी विचारलं.

"तुमचं सगळं खरं बोलून होईपर्यंत," ऋजुता म्हणाली, आणि कडेवर पाण्याचा आणखी एक हबका मारला.